देवाच्या खणातला एक नंबर

उल्हासनगरच्या कॅसेटच्या दुकानात चामटोली गावची काशी आपली पाळी येईपर्यंत पुढच्या केस वाढवलेल्या पोराचं ऐकत होती.

“शेठ, आमचा रॉक बँड आहे. तिसरी कॅसेट ही. भक्तिगीतांच्या खणात का ठेवली?”

“बेनी, येशू देव आहे का नाही? मग देवाच्याच खणात. तुमच्या पहिल्या दोन रॉकमध्ये ठेवल्या, धूळ खात पडल्या. आता बोर्ड बघ. दुकानाच्या टॉप टेनमध्ये महिनाभर एक नंबर.”

“पण घेतंय कोण?”

काशी पुढे सरकली.

“शेठ, ती ढोल बडवलेली येशूची द्या. परवा पोराची हलद हाय.”

“मावशी, ती प्रार्थना आहे,” बेनी म्हणाला.

“मंग? आमी पन हात वर करूनच नाचताव.”