वाऱ्याच्या तोंडावरचं दार

दार शेवटी होतं तिथेच राहिलं. पण हे अजून घडलेलंच नाही, असं समजू. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याने नुकतंच पेन उघडलं होतं. समोर आजी आणि त्यांचा गवंडी.

गवंडी म्हणाला, “आजी, वारा पश्चिमेचा, दारही पश्चिमेला. वारा आत शिरतो, छप्पर घेऊन जातो. यंदा शाळेच्या मैदानात उतरलं!”

“पोरांना सुट्टी मिळाली की!”

“दार पूर्वेला घेऊ या.”

“आणि समोरच्या जाऊबाईंशी भांडू कशी?”

“खिडकी ठेवतो.”

“खिडकीतून हातवारे पुरत नाहीत रे!”

“उघड्यावर राहाल.”

“राहीन. चाळीस वर्षांत एक खाडा नाही. दार फिरवलं, तर तिला वाटेल मी हरले.”

“मग अर्ज कसला लिहू, आजी?” अर्ज लिहिणाऱ्याने विचारलं.

आजींनी सांगितलं. त्याने मान खाली घालून उतरवलं :

‘तरी यापुढे पश्चिमेचा वारा पूर्वेकडून सोडण्यात यावा, ही नम्र विनंती.’