फाट्यावरचा बैल अंधारात का

आमच्या शिंदखेड्याकडच्या गावात फाट्यावर एवढा मोठा लोखंडी बैल उभा आहे, पण त्याच्यावर एक दिवा का नाही, असं पाहुणे मला विचारतात. तुम्हीही विचारलंत, तर ऐका.

धुळ्याहून एक मूर्तिकार आला होता. घराघरातून मोडकं लोखंड घ्यायचं आणि गावाने मिळून दोन मजली बैल उभा करायचा, असं ठरलं. कोणी नांगराचा फाळ आणला, कोणी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. लोखंड जमा करायला मी बसलो होतो.

सुपडूभाऊ विहिरीवरची मोटर घेऊन आला. त्याच मोटरीचा शॉक लागून त्याचा पोरगा गेला होता.

मी म्हटलं, "भाऊ, ही नको. भंगारमा दी टाक."

"नाना, भंगारवालाले दिधी ते तो दुरुस्त करीसन ईकी टाकी. मंग ती दुसराना विहिरवर बसी. मना पोऱ्या गया, तेवढं बस शे."

ती विकली जाऊन दुसऱ्याच्या विहिरीवर बसू नये, म्हणून मी मोटर ठेवून घेतली. मूर्तिकाराने ती बैलाच्या पोटात बसवली आणि वरून पत्रा वेल्डिंग करून टाकला. पत्रा थंड होईपर्यंत सुपडूभाऊ हलला नाही. मग त्यावर हात ठेवून म्हणाला, "आते ही चालू व्हवाव नही ना?"

"नाही, भाऊ. कधीच नाही."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गावातल्या तरुण मंडळाचे लोक लायटिंगच्या माळा घेऊन बैलावर चढले. मी सगळ्यांना खाली उतरवलं. त्या मोटरीजवळ पुन्हा वीज जाणार नाही. ज्याला बैल पाहायचा असेल, त्याने दिवसाउजेडी यावं.