बारा व्होल्टची गादी

ट्रक काहून बंद पडला? …सांगा ना! पाच महिने झाले, मी विचारूनच राहिलो. मिस्त्रीले विचारलं, पोलिसाले विचारलं, तेरवीले जेवायले आलेल्या एकेका पाहुण्याले विचारलं, अन् तुम्हाले सांगतो, सगळ्यांचं एकच, "जुना ट्रक होता गा, गोलू. चालायचंच." अरे, चालायचंच कसं? चालला नाही म्हणून तर विचारून राहिलो ना!

माझा अमोलदादा. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून राख भरायची अन् सावनेरकडच्या विटांच्या कारखान्यावर टाकायची, हेच त्याचं काम. ट्रक सोळा वर्षं जुना, अन् दादाची कंबर त्याहून जुनी. डॉक्टर म्हणे शेक घ्या. गोपिकावहिनी रोज सकाळी तव्यावर फडकं गरम करून शेक देई, अन् दादा ओरडे, "अवं, माणूस शेकून राहिली का पोळी?" मले नाही पाहवलं. मोबाईलवर पाहिलं, कोण्या बर्फाच्या देशात एक माणूस आपल्या जुन्या ट्रकच्या सीटमधी गरम गादी बसवून राहिला. बस! मागवली. विचार-गिचार करणं आपल्यात नाही.

आली गादी. कारची, बारा व्होल्टची. ट्रकमधी बॅटऱ्या दोन, मिळून चोवीस. शिकलेला माणूस मधात कन्व्हर्टर लावते. मी सातवी नापास. मी म्हटलं, एकाच बॅटरीतून तार ओढू, बारा पाहिजे, बारा भेटले! वरून शहाणपणा असा, की चावीशी संबंधच नाही ठेवला. ट्रक बंद असला तरी दादाची कंबर गरम राहिली पाहिजे… म्हणजे एक बॅटरी रोज भरलेली अन् दुसरी रोज उपाशी, अन् ट्रक चालू करायले तर दोन्ही लागते. हे मले तवा कोणी सांगितलं?

दादा बसला अन् डोळेच मिटले त्यानं. "गोल्या… ही कंबर माझीच आहे ना बे?" दुसऱ्या दिवशी राखेच्या लाइनीत बोंब झाली. ड्रायव्हर लोक हसून राहिले, "अमोल्या, नागपुरात सीट गरम करते का बे? मे महिन्यात अंडे उबवशीन का तिच्यावर?" अन् मग तेच लोक एकेक करून, "सरक ना थोडा, मी बी पाहतो." दादा टाइम लावून बसू देई. "दोन मिनिटं झाले, उतर! माझ्या भावानं माझ्यासाठी बनवली." माझ्या भावानं! …हे मी नाही ऐकलं हो. हे मले तेरवीले त्याच ड्रायव्हर लोकांनी सांगितलं.

जानेवारीतली सकाळ. सावनेरच्या अलीकडे दादा चहाले थांबला. गादी चालूच. परत येऊन सेल्फ मारला… टक्. टक्. मले फोन, "गोल्या, चालूच नाही होऊन राहिला. बॅटरी आण." मी नागपुरातून, नंदनवनातल्या घरून निघालो, मोपेडवर, पायापाशी बॅटरी ठेवून. धुकं होतं. धुक्यात कोणी मागून येऊन धडकू नये म्हणून दादा ट्रकच्या मागं झाडाची फांदी टाकून राहिला होता. दुसऱ्याले लागू नये म्हणून! अन् तेवढ्यात मागून गाडी आली.

मी पोचलो तवा त्याले नेलं होतं. मी केबिनमधी चढलो, सीटवर हात ठेवला. कोमट होती.

रुपराव मिस्त्रीनं बॅटरीचं झाकण उघडलं. माझी तार पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोला ना गा काका, हिच्यानंच ना?" त्यानं हात पुसले, पुसतच राहिला… "जुना ट्रक होता गा." एक थापड मारली असती ना त्यानं, तर पाया पडलो असतो मी!

वहिनीले विचारायची हिंमत व्हायले तीन महिने लागले. मेथी निवडून राहिली होती. तिनं ऐकलं, अन् निवडतच राहिली. मग ट्रक विकायले काढला तवा एवढंच म्हणाली, "भाऊजी, सीट नका देऊ."

चार बोल्ट खोलले, सीट घरी आणली. बाहेरच्या खोलीत ठेवली, कूलरसमोर. अन् काल दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत, वहिनी म्हणते, "भाऊजी, थोडी चालू करून द्या ना."

म्हटलं, "वहिनी, मे महिना आहे."

"मले मालूम आहे," म्हणे. "आत्ताच उठून गेल्यासारखं वाटते."

अडॅप्टर आणला. बराबर बारा व्होल्टचा, दुकानदाराले तीनदा विचारून. वहिनी खाली बसली, सीटवर हात ठेवून, डोळे मिटून. पण कूलरची हवा सरळ सीटवर! गादी तापवते अन् कूलर थंड करते, ती तापवते अन् तो थंड करते… वहिनीचा हात जागा बदलूनच राहिला. मी उठलो. कूलरचं बटण बंद केलं.

आतून आई ओरडली, "गोलू, कूलर काहून बंद पडला रे?"

म्हटलं, "जुना आहे, आई. चालायचंच."