वाका आणि आत या!

...अहो, पण भिंतच नाही तर जागा बंद करायची कशी, तुम्हीच सांगा ना! पोलीस प्रशिक्षणात साहेबांनी फळ्यावर ऐटीत काढून दाखवलं होतं, "दारात शिपाई उभा करायचा, पट्टी बांधायची आणि कशालाही हात लागता कामा नये!" दार? आमच्या सामोआत जुनं घर म्हणजे खांब आणि वर छप्पर! दार आणू कुठून, घरून?

तुम्हाला सांगतो, एकट्यानं करायची माझी ही पहिलीच चौकशी. पेलेनातेतेकाकूंची चटई चोरीला गेलेली. बसायची चटई नव्हे हो! काकूंच्या आईनं वर्षानुवर्षं खपून विणलेली, रेशमासारखी, लग्नात, मयतात दुसऱ्या घराला मानानं द्यायची. आणि शनिवारी मुलीचं लग्न! काकू रडतायत, "इओएलू बाळा, रिकाम्या हातानं व्याह्यांसमोर जाऊ कशी रे?" म्हटलं, काकू, चटई आणतो, नाहीतर ही वर्दी उतरवतो!

आणि पुरावा होता की! खांबाशी एक निळी चप्पल, चोराचीच. मेला चोरी करायला आला तोही चपला काढून, आणि पळताना एक विसरला! मी खांबाखांबांतून पट्टी ताणली, नियमाप्रमाणे कमरेच्या उंचीवर, आणि ओरडलो, कशालाही हात लागता कामा नये!

तिथंच घात झाला. कमरेच्या उंचीवर! आमच्याकडे बसलेल्या माणसांसमोरून जायचं तर वाकायचं आणि "तुलोऊ" म्हणायचं, म्हणजे माफ करा हं, जरा जातो. पट्टी बघितली की गाव वाकायला लागलं! शेजारीण वाकली, "तुलोऊ, इओएलू," आत! तिची सासू वाकली, "तुलोऊ रे, कंबर धरलीय माझी, जरा हात दे," ...दिला हो, काय करणार? आत! पाद्रीबाबा वाकले, आत! एवढ्या नम्रपणे येणाऱ्याला हाकलायचं कोणत्या तोंडानं? आणि येताना प्रत्येकानं चपला काढल्या खांबाशी, निळ्याच, गावात दुकानच एक! आता यातली चोराची कुठली आणि पाद्रीबाबांची कुठली? कशालाही हात लागता कामा नये म्हणे... पाय लागले, त्याचं काय?

शेवटी माझं टाळकं सटकलं. मध्यभागी उभा राहून गरजलो, "जागचं कुणी हलायचं नाही! कायदा आहे हा!"

गावचे प्रमुख तुइमालू आजोबा खांबाला टेकून बसले होते. हळूच म्हणाले, "इओएलू, मोठी माणसं बसलीयत आणि तू उभा? तोही बूट घालून? खाली बस."

"पण आजोबा, चौकशी..."

"बस!"

बसलो. मग आजोबांनी नुसतं विचारलं, "पेलेनातेतेची चटई कुणी नेली?"

कोपऱ्यातून काकूंचा दीर मालाकी वाकत वाकत पुढं आला. "तुलोऊ... मीच. उद्या सासऱ्यांच्या मयताला न्यायला घरात काही नव्हतं हो. चटई आहे, गादीखाली आहे." आणि हमसून रडायला लागला. काकूही रडल्या, गळ्यात पडल्या, झालं, माफ! चटई घरी! आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू, वर्दी वाचली!

पण लगेच तिथंच पंच बसले ना, दंड ठरवायला. आजोबा म्हणाले, "मालाकीनं चोरी केली, पण चपला काढून केली आणि वाकून कबूल केली. एक डुक्कर. इओएलूनं चौकशी केली ती बूट घालून, आमच्या डोक्यावर उभं राहून. दोन डुकरं!"

...दिली हो. काय करता? वाकून दिली.