दहा डोकी, चाळीस पाय

एन्टेबीच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत नालवोगा झाकलेल्या टोपलीत कोंबडा घेऊन उभी होती. पुढे नवरीच्या आत्यानं नवऱ्याच्या काकाला, मुगेर्वाला, अडवलं होतं.

"देज म्हणून नऊ शेळ्या आणि नवरीच्या भावासाठी एक कोंबडा ठरला होता. ट्रकमध्ये काय आहे?"

"दहा डोकी, आत्याबाई. मोजून घ्या."

"पाय किती?"

"चाळीस."

"म्हणजे दहाही शेळ्याच. कोंबड्याला चार पाय कधीपासून फुटले?"

"एक शेळी जास्तच दिली की."

"कोंबडा हातात पडल्याशिवाय भाऊ बहिणीला घराबाहेर सोडायचा नाही. ठाऊक आहे ना?"

"आहे हो. पण वाटेत फार भूक लागली."

मागे टोपलीत फडफड झाली तशी दोघांनी वळून पाहिलं.

"बाई, टोपलीत काय आहे?" मुगेर्वानं विचारलं.

"केळी," नालवोगा म्हणाली आणि तिनं टोपली पोटाशी धरली.