चौथा पेशंट आणि आठ नंबर

हसू नका रे, आधी पूर्ण ऐका. हिंजवडीत आमच्या सोसायटीखाली एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर पेशंटचा नंबर दाखवणारं वेबपेज मी हौसेने बनवून दिलं. कॅनव्हासवर, म्हणजे पेजवरच्या चित्र काढायच्या चौकटीत, डिजिटल घड्याळासारखा सात रेघांचा मोठा आकडा. घरी तपासताना मी दर वेळी पेज नव्याने उघडायचो, त्यामुळे सगळं झकास चाललं.

पहिल्या दिवशी कौतुक ऐकायला मुद्दाम तिथे जाऊन बसलो. एक, दोन, तीन झाले. दोन आणि तीन जरा विचित्र दिसले, पण लोकांनी चालवून घेतले. बाईंनी चौथ्यांदा बटण दाबलं आणि तपासणीच्या खोलीच्या दारात एक काकू आणि गावातले तात्या एकदमच पोचले.

"अहो, माझा चार आहे!"

"आन् माझा आठ. टीव्हीवर आठच हाय की!"

खरंच आठ होता! बटण पुन्हा दाबलं, आठ. आणखी एकदा दाबलं, तरी आठच. तात्या दर वेळी गाल धरून उठायचे, काकू त्यांना बसवायच्या. मला काही सुधरेना. मग टीव्हीपाशी जाऊन बोटाने एकेक रेघ मोजली. एकावर दोन, दोनावर तीन, तीनावर चार, असे सगळे तिथेच बसले होते आणि सातही रेघा भरून आठ झाला होता. जुना आकडा पुसायची कोडची ओळच मी लिहिली नव्हती.

बाई हातमोजे काढत म्हणाल्या, "आम्हाला पहिलीत शिकवलं होतं, आधी पाटी पुसायची, मग लिहायचं. आपण थेट इंजिनिअरिंगलाच बसलात का?"