रिकाम्या उखळाचा आवाज

...आणि शांततेचं एवढं कौतुक करणाऱ्या बायकांत, तुम्हाला सांगते, पहिली मीच होते. आमच्या लाबादीत, समुद्राकाठच्या या वस्तीत, घरं एकमेकांना अशी चिकटलेली, की मागच्या चर्चमधला ढोल वाजला की आमच्या फळीवरचे पेले आमेन म्हणतात. माझी कोर्कोइ जन्मली तेव्हापासून मी सासूबाईंच्या मागे, "आवो, होमोवोच्या सणाआधीची ढोलबंदी लागू दे, मग बघा पोर कशी झोपते ते." पुस्तकात वाचलं होतं ना मी, झोप परिसरावर अवलंबून असते म्हणून. शिकलेली बाई, पुस्तकावर नाही तर कशावर विश्वास ठेवणार?

बंदी लागली. चर्चमधली माणसं टाळ्यासुद्धा चोरून वाजवायला लागली. आणि कोर्कोइनं डोळे टक्क उघडले... टक्क म्हणजे कसे, जणू तिला झोळीत ठेवून कुणी घरच चोरून नेलंय. बी रुजायला शांतता लागते, म्हणतात आमचे पुजारी, म्हणून ही बंदी. रुजत असेल बी. पोरीचं काय?

"शांतता हवी होती ना तुला?" सासूबाई म्हणाल्या. झालं.

आता माझी शाळा उघडणार होती, पोर दिवसभर त्यांच्याकडे राहणार होती आणि त्यांनी बजावलं होतं, "दुपारची झोपत असेल तर सांभाळते. जागी पोर माझ्या गुडघ्यांना झेपायची नाही, मास्तरीणबाई, मग नोकरीचं तू बघ." म्हणजे माझी नोकरी एका तान्ह्या पोरीच्या पापण्यांवर टांगलेली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "शरीर हलवा, आई हलली की बाळ पेंगतं." हलवलं. पाठीला बांधून भर उन्हात समुद्रापर्यंत चालले, घामानं निथळत परत आले, आणि ही पाठीवरून सगळ्या वस्तीची हजेरी घेऊन आलेली, ताजीतवानी, वर मासेवालीला हसून.

"शांतता हवी होती ना तुला?"

मग शेजारच्या अफ्रियेला फुफू, म्हणजे उकडलेल्या कसावा-कंदाचा गोळा, कुटायचा होता, मी म्हटलं दे, मी कुटते, तेवढंच अंग हलेल. धप्प, धप्प... आणि माझ्या पाठीवर डोकं कलंडलं. पोरीला ढोल हवा होता हो! मीसुद्धा त्या रात्री ओंडक्यासारखी झोपले. पण फुफू झाला, मुसळ थांबलं, की हिचे डोळे उघडले. आता इथे माझं शिक्षण आडवं आलं. म्हटलं, कसावा हवाच कशाला? रिकामं उखळ कुटलं तरी आवाज होतोच की. उलट जास्तच होतो.

तो आवाज ऐकून भर दुपारी नुमो लार्टे दारात, आमच्या वस्तीची बंदी तेच बघतात, मागे दोन धट्टेकट्टे गडी.

"कोण ढोल वाजवतंय?"

"ढोल नाही, नुमो, फुफू..." मी कुटतच.

"थांब आधी, मग बोल."

"थांबता येत नाही, नुमो. ही उठेल."

ते वाकले, उखळात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत उखळात. एवढ्या वयाच्या माणसाला इतका धक्का बसलेला मी कधी पाहिला नाही. "उखळात कसावा असेल तर तो स्वयंपाक. नसेल तर तो ढोल. घ्या रे ते मुसळ."

मुसळ गेलं की झोप गेली, झोप गेली की शाळा गेली... माझे हात थांबायला तयार नाहीत. तेवढ्यात सासूबाई, ज्यांना माझी नोकरी फुकाची वाटते त्याच, आपल्या पातेल्यातला उकडलेला कसावा घेऊन आल्या आणि मुसळ वर असताना उखळात ओतला.

"सून शिकलेली आहे," म्हणाल्या, "आधी उखळ तपासून घेते."

आणि त्याच गुडघ्यांवर खाली बसून हातानं गोळा फिरवायला लागल्या. मी तोंडाचा आ वासून, पण कुटतेय.

नुमो परत उखळावर वाकले. "मग रस्सा कुठाय?"

आता फुफू आहे आणि रस्सा नाही, हे कोण मानणार? अफ्रियेनं मुकाट्यानं आपलं शेंगदाण्याच्या रश्श्याचं पातेलं पुढे सरकवलं. तिघं बसले, तिघं जेवले, अफ्रियेची मुलं त्या दिवशी पाव खाऊन राहिली. पोर उठली नाही.

"दुपारची झोपते म्हणायची," सासूबाई एवढंच बोलल्या.

आता बंदी उठलीय. ढोल दणदणतायत, कोर्कोइ घोरतेय, माझी शाळा चालू आहे. नुमो मात्र दर रविवारी जेवायच्या वेळेला येतात. तपासणी, म्हणतात. वाडगा घरून आणतात, आमचे लहान पडतात म्हणे.